‘हुला’चा मी सांगितलेला उगम

दर्यापूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अकोल्यात, जुन्या शहरातल्या घरी येऊन बसलो. बसलो हाच शब्द बरोबर आहे. पहिले सहा महिने मी नुसता बसूनच होतो. मग अमरावतीच्या एका दैनिकातून फोन आला. तिथल्या रविवार पुरवणीच्या संपादकानं कधीकाळी माझं व्याख्यान ऐकलं होतं. शब्दांच्या जन्मकथा सांगणारं सदर लिहाल का, असं त्यानं विचारलं. दर आठवड्याला एक शब्द. मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

सदर चाललं. वाचक शब्द पाठवू लागले, मी त्यांची मुळं शोधून लिहू लागलो. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या कापून देताना विचारायचा, सर, या रविवारी कोणता शब्द? मला ते फार आवडायचं. शाळेत इतक्या वर्षांत उद्या काय शिकवणार असं मला कोणी विचारलं नव्हतं.

एकदा अमरावतीच्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या मुलीनं जत्रेतून प्लास्टिकचं मोठं कडं आणलं होतं, कमरेभोवती फिरवायचं. त्याला हुला हूप म्हणतात. हूप म्हणजे कडं हे कळलं, पण हुला म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून, असं त्यांनी विचारलं होतं.

अर्धं उत्तर सोपं होतं. हुला हे हवाई बेटांवरच्या पारंपरिक नाचाचं नाव. कडं फिरवताना कंबर हलते, म्हणून खेळणं विकणाऱ्यांनी ते नाव उचललं. पण एवढ्यानं सदर भरत नाही. मूळ हवं होतं. माझ्या कपाटातल्या कोशांत तो शब्द असण्याचं कारण नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर एका ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं की या शब्दाचा हवाई भाषेच्या आधीचा उगम निश्चित माहीत नाही. ते वाक्य मी वाचलं होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःलाही बरेच दिवस सांगत होतो की ते माझ्या नजरेतून सुटलं.

मजकूर बुधवारी पाठवायचा असे. मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी टेबलाशी बसलो. संस्कृत कोश चाळताना ‘उल्लोल’ दिसला. उल्लोल म्हणजे मोठी लाट. त्या नाचात बायकांचे हात लाटांसारखे हलतात हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. मला बरंच वाटलं. उल्लोलचं हुल्लोल झालं असेल, हुल्लोलचं हुला. आपल्याकडे हूल आहे, हुल्लड आहे, हेलकावा आहे, ही सगळी भावंडं असतील. आपले नावाडी पूर्वी लांब लांब जात, त्यांच्या तोंडून तो तिकडे गेला असेल. मनात प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असेल’ होतं. कागदावर मी ते काढून ‘आहे’ केलं. मध्ये एका ठिकाणी ‘जाणकारांच्या मते’ असंही घातलं. जाणकार कोणी नव्हतं. खोलीत मी एकटा होतो.

माझी बायको तेल्हाऱ्याची. प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मजकूर पाठवण्याआधी ती एकदा वाचत असे. तिनं चष्मा वर करून विचारलं, “हे कोठून काढलं तुमी?”

मी म्हणालो, तर्कानं.

“मंग तर्क म्हणून लिवा ना,” ती म्हणाली आणि तूर निवडायला गेली. मी मजकूर तसाच पाठवला.

त्या रविवारइतके फोन मला आधी कधी आले नव्हते. जगाच्या त्या टोकावरच्या नाचाला आपल्या भाषेनं नाव दिलं, याचा लोकांना फार आनंद झाला. कात्रणाचा फोटो मोबाइलवरून फिरू लागला. मग कोणीतरी मजकूर वेगळा टाइप केला, वर झेंडा, खाली जोडलेले हात. आठवड्याभरात तो माझ्या मेहुण्याकडून मलाच आला. त्यात माझं नाव नव्हतं. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते तेवढ्याचंच.

माझी एक विद्यार्थिनी होती. दर्यापूरजवळच्या खेड्यातली, घरी कापूस आणि सोयाबीन. सामायिक जीपमधून मागे लटकलेल्या माणसांच्या गर्दीतून वाट काढत उतरायची आणि प्रार्थनेला बरोबर वेळेत पोचायची. निबंध चांगले लिहायची. गॅदरिंगमध्ये नाचायची. तिचे वडील एकदा शाळेत येऊन मला म्हणाले होते की पोरीचं नाचणं बंद करा, आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. शाळा सुटल्यावरही तिनं संबंध ठेवला. लग्नानंतर ती नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेली आणि फिरत फिरत त्या हवाई बेटांवरच जाऊन पोचली. हे मला माहीत होतं. सदर लिहिताना मात्र ती मला आठवली नाही. तिला एक फोन केला असता तर झालं असतं.

फोन तिनंच केला. इथे सकाळ होती, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ. तो झेंडेवाला मजकूर घरच्या ग्रुपवर तिला मिळाला होता, आणि तिच्या भावानं सांगितलं होतं की हे तुझ्या सरांचं आहे. ती इतकी आनंदात होती की अर्धं बोलणं मला कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. तिथे गेल्यावर पहिलं वर्ष ती घरातच होती. नवरा सकाळी जायचा, ती खिडकीतून समुद्र बघायची. शेजारच्या वस्तीत एका सभागृहात एक म्हातारी बाई हुला शिकवते, हे तिला भाजीच्या दुकानात कळलं. ती गेली. दोन वर्षं झाली होती शिकायला लागून.

“सर,” ती म्हणाली, “इथं आल्यापासून मले पयल्यांदा कोणी नावानं हाक मारली ते या बाईनं.”

येत्या शनिवारी त्या वर्गातल्या सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकीनं आपल्या गावाकडचं काही सांगायचं होतं. ती हे सांगणार होती, की तुमच्या नाचाचं नाव आणि आमची भाषा यांचं नातं आहे. बोलता बोलता ती थांबली आणि तिनं विचारलं, “सर, हे पक्कं आहे ना? तिथं चुकीचं सांगतलं तर बरं नाही दिसणार.”

  समोर बायको बसली होती, तिनं मान वर केली. मी म्हणालो, बिनधास्त सांग.

“मंग झालं,” ती फोनवर म्हणाली. “तुमी म्हणता तर झालं.”

शनिवार गेला. तिचा फोन आला नाही. मी आठवड्यानं संदेश पाठवला, कसं झालं कार्यक्रमाचं? तिनं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी समजून घेतलं की कामात असेल. खरं म्हणजे मी समजून घ्यायचं टाळलं.

डिसेंबरात ती भावाच्या लग्नासाठी आली आणि बस्त्याच्या दिवशी अकोल्याला आली, तेव्हा वेळ काढून मोर्णा नदीचा पूल ओलांडून आमच्या घरी आली. अंगानं वाळली होती. काकूंसाठी तिकडच्या कसल्याशा बदामासारख्या फळांचा डबा आणला होता. बायको चहा टाकायला आत गेली आणि ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली, वर्गात बोलावल्यावर बसायची तशी. मग तिनं सगळं सांगितलं.

त्या जेवणाच्या वेळी ती उभी राहिली होती. उल्लोल, हुल्लोल, हुला असं हातांनी लाटा दाखवत तिनं समजावून दिलं होतं. बायकांना गंमत वाटली होती. म्हाताऱ्या गुरूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं की हे कोणत्या ग्रंथात आहे. ती म्हणाली, माझ्या सरांनी लिहिलंय. सरांनी कुठून घेतलं? ती म्हणाली, विचारून सांगते. घरी येऊन तिनं मला फोन लावायला मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. 

पुढच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. रागावल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की आमच्या भाषेत हुला म्हणजे नाच. नाचणारी तीही हुला, आणि ज्या गाण्यावर नाचतात तेही हुला. गाण्यातले शब्द हात सांगतात, म्हणून तिघांत भेद करायची गरज कोणाला पडली नाही. आसपासच्या दुसऱ्या बेटांवर या शब्दाचे नातेवाईक आहेत. आमचे पूर्वज होड्यांतून आले, येताना त्यांनी तो आणला असेल. पहिला नाच कोणी केला याच्या कथा आहेत. ज्वालामुखीच्या देवीला रिझवायला तिची धाकटी बहीण किनाऱ्यावर नाचली, ही एक. दुसऱ्या बेटावर दुसरी सांगतात. आम्ही सगळ्या ठेवतो. एका जुन्या कोशात काळजाच्या धडधडीलाही हाच शब्द दिलेला आहे, पण म्हणून नाच तिथूनच आला असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या मागचं आम्हाला माहीत नाही.

मग बाईंनी दुसरं सांगितलं. बाहेरून आलेल्या लोकांनी एके काळी हा नाच घाणेरडा ठरवून उघड्यावर करायला बंदी घालायला लावली होती. शाळांतून बेटांवरची भाषा काढून टाकली होती. बाईंच्या आजीला घरची भाषा शाळेत बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागल्या होत्या. पुढे तोच नाच हॉटेलांत पाहुण्यांची करमणूक म्हणून आला. हे सांगून झाल्यावर बाई तिला म्हणाल्या की आमचं आम्हाला माहीत नसेल तर नसू दे, त्या जागेवर दुसऱ्याचं आणून कशाला ठेवता?

एवढं सांगून माझी विद्यार्थिनी थांबली. आत भांड्यांचा आवाजही बंद झाला होता. बायको ऐकत असावी.

“सर, तुमी हे कुठं वाचलं होतं?”

मी म्हणालो, “वाचलं नव्हतं.”

मग मी सगळं सांगितलं. मंगळवारची दुपार, कोशातली लाट, जाणकारांच्या मते. उगम माहीत नाही हे वाक्य मी वाचलं होतं, हेही. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

“मी फोनवर इचारलं होतं तुमाले,” ती म्हणाली.

“हो.”

ती बराच वेळ डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाई आजीचं सांगून राहिल्या होत्या ना, तवा मले आपला वर्ग आठवला. तुमी मारलं नाही कधी. पण ‘मले’ म्हटलं की दहा वेळा ‘मला’ लिवाले लावत होते. मी घरी जाऊन मायले म्हणत होती, माय, मले नको म्हणू, मला म्हण. माय हासे. मंग तिनं माह्या शाळेत येणं सोडलं. म्हणे, सरासमोर तोंड उघडाची लाज वाटते.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसतं सांगत होती. मी ती दहा दहा वाक्यं लाल शाईनं तपासली होती. खाली ‘शाबास’ लिहिलं होतं. माझ्या स्वतःच्या घरात, माझी बायको माझ्याशी रोज त्याच बोलीत बोलत होती, आणि मी वर्गात पाऊल टाकलं की त्या बोलीला अशुद्ध म्हणत होतो.

चहा आला. तिनं तो संपवला, काकूंना लग्नाची पत्रिका दिली. जाताना ती पाया पडायला वाकली आणि मी पाय मागे घेतले. ती वाकलेली तशीच क्षणभर राहिली, मग सरळ झाली आणि ऑटोत बसून गेली. लग्नाला आम्ही गेलो नाही. बायको म्हणत होती जाऊ, माझंच धाडस झालं नाही.

पुढच्या बुधवारी मी सदर लिहिलं नाही, दुरुस्ती लिहिली. हुलाचा जो उगम मी सांगितला तो मी रचला होता, खरा उगम कोणालाच निश्चित माहीत नाही, असं साध्या शब्दांत. संपादकाचा फोन आला की सर, हे राहू द्या. मी बसनं अमरावतीला गेलो. तो सभ्य माणूस होता. त्यानं मला बसवलं आणि समजावलं की एवढं कोणी मनावर घेत नाही, उलट वाचक दुखावतील, सदरावरचा विश्वास जाईल. मी म्हणालो, जायलाच पाहिजे. शेवटी त्यानं तीन ओळी छापल्या, आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या वर. ‘व्युत्पत्तीबाबत मतभेद आहेत’ असं त्यानं स्वतःच घातलं होतं. त्यावर एकही फोन आला नाही. झेंडेवाला मजकूर मात्र पुन्हा फिरून आला, या वेळी माझ्या डॉक्टरकडून.

फेब्रुवारीत अकोल्यातल्याच एका शाळेनं मराठी दिनाला पाहुणा म्हणून बोलावलं. मी गेलो, कारण मला वाटलं इथे सांगता येईल. माझ्या आधी सातवीतली एक मुलगी बोलली. केस घट्ट बांधलेले, भाषण पाठ. आपल्या भाषेची महती सांगताना तिनं हुलाचं उदाहरण दिलं. उल्लोल, हुल्लोल, हुला. शिक्षकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हे खोटं आहे, हे मी बनवलं होतं, या मुलीची यात चूक नाही. सभागृह थोडं शांत झालं. मग मुख्याध्यापक हसत माइकपाशी आले आणि मुलांना म्हणाले, बघा, खरा विद्वान किती नम्र असतो. पुन्हा टाळ्या झाल्या. मी मुलीकडे बघितलं. ती रडण्याच्या बेतात होती. माझं बोलणं तिला एकटीला खरं वाटलं होतं.

मी सदर बंद केलं. घरी जुनी कात्रणं काढून बसलो, प्रत्येकाचा आधार शोधायचा म्हणून. पहिल्या वीसांत असे पाच निघाले की ज्यांत माझ्याकडे आधार नव्हता, नुसतं शोभलं म्हणून लिहिलेलं. त्यांतला एक शब्द माझ्या वडिलांचा आवडता होता. एकविसावं कात्रण मी उघडलं नाही. फाइल बांधून पलंगाखाली सारली. बायकोनं विचारलं की पुरं तपासत काहून नाही. 

विद्यार्थिनीला मी पत्रासारखा मोठा संदेश लिहिला. माफी मागितली. दुरुस्तीचं कात्रण पाठवलं, शाळेतल्या सभेचं सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘ठीक आहे सर.’ शुद्ध मराठीत. नंतर मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

गेल्या महिन्यात दर्यापूरला गेलो होतो, शाळेतल्या जुन्या शिपायाच्या तेरवीला. परतताना जीपच्या अड्ड्यावर तिची आई भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. डोक्यावरचा पदर नीट करून ती जरा लांब उभी राहिली. मी पोरीची चौकशी केली. ती म्हणाली, बरी आहे म्हणते. मग थोडं थांबून म्हणाली, “तिनं तो नाच सोडला, सर. त्या बाईकडं जात नाही आता. दिवसभर घरातच रायते. काहून सोडला म्हणून इचारलं तर सांगत नाही. तुमाले काही बोलली का?”

जीप भरत होती. मी तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मी पेपरात खोटं लिहिलं, तिनं माझ्यावर विश्वास ठेवून ते तिथे सांगितलं, तिची मान खाली गेली. दोष माझा आहे, असं मी दोनदा म्हणालो. तिची आई माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

“मंग हे तिले सांगा ना,” ती म्हणाली. “मले सांगून काय होते?”

मी म्हणालो, सांगितलं. ती फोन उचलत नाही.

“माहा फोनही चार-चार दिवस उचलत नाही,” ती म्हणाली. ड्रायव्हरनं तिच्या गावाचं नाव पुकारलं. ती जीपमध्ये चढली, बायकांमध्ये सरकून जागा करून घेतली आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढे बघत बसली. माझी अकोल्याची बस यायला अजून वेळ होता.